खिडकीला बसवलेली फणी

माझे हात कानापर्यंत जातात, त्याच्या वर जात नाहीत. जिन्यात सांडलेल्या पाण्यावरून घसरले आणि सगळा भार दोन्ही हातांवर घेतला. हाडं यथावकाश जुळली, पण खांदे आखडले ते आखडलेच. हनुवटीच्या खाली सगळं राज्य अजून माझंच आहे. भाजी चिरते, बटणं लावते, सुनेच्या गणवेशाला इस्त्री करते, माळ ओढते. कानाच्या वरचा मुलूख तेवढा परका झाला. शेजारीण एखादी बातमी सांगते आणि "डोक्याला हात लावायची वेळ आली हो," म्हणते, तेव्हा मला हसू येतं. मला तेवढीही सोय उरलेली नाही.

आणि केस तर कमरेच्या खाली.

माझा एक साधा नेम आहे. सकाळी उठल्यापासून माळ पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही. माळेला बसायचं ते अंघोळ करून, केस विंचरून, नीट बांधून. ज्याच्यासमोर बसायचं त्याच्यासमोर विस्कटून बसू नये, ही आईने लावलेली सवय. पडल्यापासून हे केस बांधायचं काम माझ्या सुनेने घेतलं. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरात मी, सून आणि माझे धाकटे दीर. सून रुग्णालयात परिचारिका. ड्युटीला निघण्याआधी ती माझ्यामागे स्टुलावर बसायची, फणी चालवायची, घट्ट वेणी घालायची, आणि "झालं, आई" म्हणून माझ्या खांद्यावर हलकेच हात ठेवायची. मी मान हलवायची. मी बोलत नसे म्हणून तीही बोलत नसे.

मग तिची बदली झाली. सोमवारपासून सकाळची पाळी, घरातून अंधारातच निघायचं.

"त्यात काय, मी आणखी लवकर उठेन," ती म्हणाली.

सोमवारच्या आधीच लवकर उठून बघितलंही तिने एकदा. माझे केस अर्धे विंचरून झाले आणि फणी थांबली. मी वाट पाहिली. मागे वळून बघते तर फणी माझ्या केसांतच अडकलेली आणि सून भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगते आहे. दिवसभर लोकांना सुया टोचायच्या, पट्ट्या बांधायच्या, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, आणि त्याआधी घरातलं हे एक म्हातारं. मी केसांत लोंबणारी फणी ओढून काढली आणि त्या संध्याकाळी सांगून टाकलं.

"रविवारी पार्लरवालीला बोलाव. केस कापून टाकू. मानेवर आले की पंच्याने पुसले, झालं."

"आई, कापायचे नाहीत."

"पोरी, केसच ते. परत येतात."

"या वयात?" ती पटकन बोलून गेली आणि तिनेच जीभ चावली. मग आम्ही दोघीही हसलो. पण पार्लरवालीला निरोप गेला.

मी हसले खरी. दुसऱ्या दिवशी माळ ओढताना मात्र बोटं सारखी वेणीच्या टोकाकडे जात होती. एवढी वर्षं त्याचं नाव घेतलं आणि शेवटी जीव अडकला तो केसांत, याची लाज वाटली. मी त्याला म्हटलं, देवा, हा मोह तरी सोडव, नाहीतर फणी तरी दे.

माझे दीर पुढच्या खोलीत शिवणयंत्रं दुरुस्त करतात. त्यांना गल्लीत सगळे खटपट्या म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. कुणाचं काही अडलेलं दिसलं की यांचे हात शिवशिवतात. समोरच्या शिंप्याचा डावा हात लहानपणापासून वाळलेला. उजव्या हाताची नखं कापायला त्याला नेहमी कुणाची तरी मनधरणी करावी लागायची. भाऊजींनी नेलकटर एका फळीवर पक्कं बसवलं आणि वर कोपराने दाबायचा दांडा दिला. शिंप्याने आमच्या पायरीवर बसून आपली नखं आपण कापली, आणि मग बराच वेळ हात पुढे धरून बोटं न्याहाळत बसला. नव्या नवरीने अंगठी पाहावी तसा. तेव्हापासून तो भाऊजींचा भक्त आहे.

मी पडल्यावर तर भाऊजींना मोकळं रानच मिळालं. पाठीला साबण लावायला त्यांनी दोन मुठींची जाळीदार पट्टी केली. ती चांगली आहे, रोज वापरते. मोजे चढवायला पत्र्याची घसरगुंडी केली. टूथपेस्टचं यंत्र केलं: नळी दोन रुळांमध्ये धरायची आणि चावी फिरवायची. चावी थोडी जास्त फिरली की पेस्ट ब्रशला वळसा घालून थेट आरशावर.

अडचण एकच. दुकान उघडण्याआधी त्यांना वेळ, म्हणून प्रत्येक यंत्राची चाचणी सकाळी. आणि सकाळी मी मुकी. म्हणून आम्ही एक खूण ठरवली होती. एकदा ठोकलं की हो, दोनदा ठोकलं की नको. पण बोटांची टकटक करून माणूस किती सांगणार? मूठ जाड आहे, कड बोचते, पाणी आत राहतं, हे ठोकून कसं सांगायचं? माळ होईपर्यंत ते दुकानात गेलेले असत. दुपारी जेवायला यायचे ते इतक्या हौशीने विचारत, "काय वहिनी, जमलंय ना?" की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "छान आहे हो."

केस कापायचं कळल्यावर भाऊजी जेवता जेवता उठले.

"रविवारपर्यंत वेळ आहे ना? मग झालं तर! कात्री येऊ देत, तिला रिकाम्या हाताने परत पाठवतो."

आधी त्यांनी छत्रीच्या दांड्याला फणी बांधली. दांडा हंसाच्या मानेसारखा वाकवलेला, म्हणजे हात खाली आणि फणी वर. पण तो दांडा होता लवचिक. फणी केसांत अडायची, मी ओढायची, दांडा वाकत जायचा आणि मग एकदम सुटून फणी फाटदिशी कानावर. दोनदा कान लाल झाला. मी दोनदा ठोकलं.

शनिवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर मधल्या दारात एक शिवणयंत्र उभं. म्हणजे त्याचा नुसता लोखंडी सांगाडा, खाली पायडल आणि चाक. चाकावरून चामडी पट्टा वर चौकटीपर्यंत गेलेला. तिथे दुसरं चाक, आणि त्या चाकाला लटकलेल्या दांडीच्या टोकाला माझी रुंद दातांची फणी.

"बसा वहिनी. पाठ चौकटीकडे. पाय पायडलवर. या दोन दोऱ्या हातात धरा, डावी ओढली की फणी डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. हात कमरेच्या वर न्यायचाच नाही. कशी आहे आयडिया?"

सून त्या दिवशी दुसरीच्या जागी सकाळच्या पाळीला अंधारातच गेलेली. मी देवाचं नाव घेऊन बसले आणि पायडल मारलं. फणी वरून खाली आली, टाळूपासून पाठीपर्यंत, इतकी अलगद की मला आईच्या हाताची आठवण झाली. पुन्हा वर गेली, पुन्हा आली. खाटखुट, खाटखुट. मी एकदा ठोकलं. भाऊजींचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "चालू द्या, मी दुकानाचं दार उघडून आलोच," म्हणत ते पुढे गेले.

ते गेले आणि मानेजवळची एक बट पट्ट्यात शिरली.

डोकं मागे खेचलं गेलं. दोऱ्या सोडाव्यात तर फणी मोकाट सुटेल म्हणून हात अडकलेले. हाक मारायची तर नेम. मी घाबरून पायाने दोनदा ठोकलं. नको, नको. पण माझा पाय होता पायडलवर. यंत्र आणखी दोन फेरे चाललं आणि केसांचा जुडगाच्या जुडगा पट्ट्याबरोबर चाकाकडे निघाला.

"वा वा!" पुढच्या खोलीतून आवाज आला. "जोरात चाललंय!"

मी पुन्हा ठोकलं. यंत्राने पुन्हा केस खाल्ले.

तेवढ्यात भाऊजी डोकावले. माझं तोंड आढ्याकडे, डोळ्यांत पाणी, केस चाकाला गुंडाळलेले. ते धावत दुकानात जाऊन कापड कापायची मोठी कात्री घेऊन आले.

"वहिनी, हलू नका. अजिबात हलू नका. मुळाशी कापून मोकळं करतो. कापू ना?"

मी सगळं बळ एकवटून पायाने दोनदा ठोकलं. पण केसांनी चाक आता पुरतं जाम झालं होतं. पहिल्या ठोक्याला पायडल खाली गेलं ते तिथेच रुतलं. दुसरा ठोका वाजलाच नाही.

"एक ठोका. म्हणजे हो," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. कात्रीचं थंड पातं माझ्या मानेला लागलं.

"भाऊजी, कात्री खाली ठेवा!"

कात्री खाली ठेवली नाही, पडलीच. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत या घराने सकाळी माझा आवाज ऐकला नव्हता. मलाही तो माझा वाटला नाही.

"वहिनी... तुम्ही बोललात."

"बोलले. आता चाक उलटं फिरवा. हळू."

त्यांनी चाक हाताने उलटं फिरवायला घेतलं. एकेक बट सोडवत होते, दोऱ्याचा गुंता सोडवतात तशी, दुकानात सोडवतात तशीच. "नेम मोडला तुमचा. माझ्यामुळे मोडला," असं दोनतीनदा म्हणाले.

माझ्या मनात एकच होतं: तोंड उघडलं आहेच, तर आता बोलून घ्यावं. बंद केलं तर उद्या पुन्हा ठोकत बसावं लागेल.

"भाऊजी, त्या छत्रीच्या दांड्याने कान लाल होतो."

"हो, ते कळलं."

"मोज्यांच्या घसरगुंडीची कड बोचते."

ते थांबले. "बोचते? पण तुम्ही तर छान आहे म्हणालात."

"तुम्ही घास हातात धरून विचारत होतात. काय सांगू?"

त्यांनी आणखी एक बट सोडवली. मग अगदी बारीक आवाजात, "आणि टूथपेस्टचं?"

"आरसा मी रोज पुसते, भाऊजी."

मला वाटलं दुखावले. मान वळवता येत नव्हती म्हणून चेहरा दिसेना. मग मागून हसण्याचा आवाज आला आणि माझाही जीव भांड्यात पडला.

"अहो, मग आधी बोलायचं ना! मी आपला तुमच्या एका ठोक्यावर कारखाना काढायला निघालो होतो."

"आता बोलते आहे ना. अजून एक सांगू? तुम्ही सगळं माझ्या डोक्याकडे आणता. वरून आणता, मागून आणता. माझे खांदे गेलेत, भाऊजी. मान शाबूत आहे. कंबर शाबूत आहे. मी वाकू शकते, वळू शकते. डोकंच फणीकडे नेलं तर?"

शेवटची बट सुटली. माझं डोकं मोकळं झालं. भाऊजी पुढे गेले. दुकानातल्या एका यंत्राखाली चिंधी सरकवून ते चालू केल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा, मग पुन्हा चालू. आणि मग कपाळावर हात मारल्याचा. मोठा आवाज होता तो.

"वहिनी! सुई जागची सरकते का कधी? कापड सरकतं! रोज दहा जणांना हे मी समजावतो, कापड ओढू नका, सरकू द्या. आणि इथे बसलोय फणीला नाचवत!"

मी त्या दिवशी तशीच माळेला बसले. केस सुटलेले, टोकं कुरतडलेली, अर्धे विंचरलेले. दिव्यासमोर डोळे मिटले. नेमही मोडलेला आणि वेणीही नाही. पण माळ रोजच्यासारखीच पुढे सरकत गेली. कुणी रागावलेलं दिसलं नाही.

दुपारी भाऊजींनी जेवणाच्या टेबलाच्या कडेला फणी शिकंज्यात पकडून बसवली, दात वर करून. मी केस खांद्यावरून पुढे घेतले आणि दोन्ही हातांनी फणीतून ओढले. हात छातीपाशीच, काही दुखलं नाही. फणी टिकली, पण टेबल हलकं होतं. केस ओढेन तसं तेही माझ्या मागे मागे यायला लागलं. मी मागे सरकले, टेबल पुढे. भांडी खणखणली. दारातून सून आली ती आम्हा दोघांना टेबल धरून उभं पाहून आल्या पावली थांबली.

"हे काय चाललंय?"

"केस विंचरतोय," भाऊजी म्हणाले.

तिने हातातली पिशवी ठेवली आणि टेबल पकडलं. "काका, भिंतीला बसवा. नाहीतर खिडकीला. ती कुठे जात नाही." मग पट्ट्याने चावलेली माझी टोकं तिला दिसली आणि तिने ती हातात घेऊन नुसती बघितली. रागावली नाही. मला वाटतं रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत खिडकीच्या लाकडी चौकटीला दोन फण्या बसल्या. एक छातीच्या उंचीला, खालचे लांब केस ओढायला. दुसरी कपाळाच्या उंचीला, थोडी तिरकी. तिच्यासाठी मान खाली घालायची, टाळू फणीला टेकवायची आणि हळूहळू डोकं मागे न्यायचं. यावेळी मी गप्प राहिले नाही. "खाली घ्या." "अजून जरा." "दात टोचतात, घासा." भाऊजी कानशीने एकेक दात घासत होते आणि मध्येच म्हणाले, "मुक्या होतात तेव्हा बऱ्या होतात तुम्ही."

वेणीचं मीच शोधलं. पाठीवरची वेणी माझ्या हाताला लागत नाही. मान डावीकडे कलती केली की सगळे केस खांद्यावर येतात, आणि तिथून छातीवर वेणी घालता येते. वाकडी होते. पण होते, आणि माझी मी घालते.

रविवारी संध्याकाळी पार्लरवाली आली, कात्री, फवारा, गळ्याभोवतीचं कापड सगळं घेऊन. "काकू, खरंच कापायचे? कसे आहेत केस!" असं म्हणत होती, तर मी तिला खिडकीपाशी नेलं आणि सगळं करून दाखवलं. मान खाली, मान वर, केस पुढे, वेणी. हात कुठेही कानाच्या वर नाही. मग स्वतः वाकून तिने आपले केस त्या फणीतून काढून बघितले.

"माझ्याकडे एक मुलगी येते, तिचा एकच हात चालतो," ती म्हणाली. "आई घेऊन येते तिला. येताना मुलगी कधी वर बघत नाही. काका, हे असं तिच्या घरी बसवाल?"

"उंची किती तिची?" भाऊजींनी लगेच विचारलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही, नाही. आधी जाऊन तिलाच विचारतो."

पार्लरवालीने फक्त यंत्राने कुरतडलेली टोकं कापली. वेणी वीतभर आखूड झाली. कमरेला पोचते अजून.

सोमवारी सून अंधारातच निघाली. दारातून दोनदा मागे वळली. मी हाताने जा म्हटलं. अंघोळ झाली, खिडकी उघडली आणि मान खाली घालून फणीला टाळू टेकवली. मान वर करते तो समोरच्या दुकानात शिंपी उभा. त्याला वाटलं मी त्याला नमस्कार करते आहे. त्याने चांगला हात छातीवर ठेवून वाकून नमस्कार केला. मी पुन्हा वाकले, कारण उजवी बाजू राहिली होती. तो पुन्हा वाकला. डावी बाजू झाली तेव्हा तो बिचारा तिसऱ्यांदा वाकला, आणि मला बोलता येत नव्हतं म्हणून त्याला थांबवता येईना.

त्या आठवड्यात मी नेम थोडा सरकवला. मोडला नाही, सरकवला. आता मौन सुरू होतं ते वेणी झाल्यावर. आधी केस, मग मौन, मग माळ. ज्याने त्या शनिवारी मला तसंच बसू दिलं, त्याची याला हरकत असेल असं मला वाटत नाही. मंगळवारी शिंप्याला खिडकीतूनच सांगितलं, "तुला नाही रे बाबा, फणीला!" तो म्हणाला, "मग मी माझ्या कात्रीला करतो." आणि अजून वाकतोच.

पुढच्या रविवारी सुनेला सुट्टी होती. मी खिडकीकडे निघाले तर ती फणी घेऊन स्टुलावर बसलेली.

"आज मी करू?" तिने विचारलं. "सवय गेली तर मला चुकल्यासारखं होतं."

मी तिच्यापुढे बसले. तिने केस सोडले, फणी घातली. आणि मग तिने कितीतरी दिवस मनात ठेवलेलं विचारलं.

"आई, तुम्ही कधी काही बोलायच्या नाहीत. मला नेहमी भीती वाटायची. ओढते का मी?"

"ओढतेस," मी म्हटलं. "कानाच्या मागे. जरा ओढतेस."

फणी थांबली. मग कानाच्या मागे ती इतकी सावकाश फिरू लागली की मी डोळे मिटून घेतले.

"आता?"

"आता नाही. बोल काहीतरी. माळेला अजून वेळ आहे."